सुभेदार बाबरांची सरळ रेघ

१६ नोव्हेंबर, रविवार. सकाळपासून मागच्या खोलीतलं सामान परत लावते आहे. रंगारी काल गेले. चार दिवस टेबल, दोन स्पीकर, त्यांचे स्टँड, पुस्तकांचं कपाट आणि भिंतीला उभ्या करून ठेवायच्या तीन गाद्या हॉलमध्ये पडून होत्या. त्यातल्या एका गादीवर नवऱ्याने रोज दुपारची झोप काढली. सामान लावायला दोन तास पुरतात. खरं काम त्यानंतरचं आहे. स्पीकर जागचा बोटभर हलला तरी खोलीचं माप नव्याने घ्यावं लागतं, आणि आजवर ते माप सुभेदार बाबर घेत आले. ते ऑगस्टमध्ये गेले. त्यांचा मापाचा माईक माझ्या टेबलावर आहे, बॅडमिंटनच्या फुलांच्या लांबट डब्यात, कापसात गुंडाळलेला.

मी साताऱ्यात राहते आणि घरी बसून पुस्तकं वाचते, म्हणजे मोठ्याने, माईकसमोर. विम्याच्या ऑफिसात बावीस वर्षं काढून स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि मागच्या खोलीतला पलंग हलवून तिथे स्टुडिओ केला. पुण्यातली एक कंपनी पुस्तकं पाठवते. मी ती वाचते, चुका कापते, आवाज साफ करते आणि परत पाठवते. सुरुवातीला त्यांनी लागोपाठ दोन पुस्तकं परत केली. शेरा एकच होता: आवाज पातळ आहे, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. मला तर माझ्या स्पीकरवर तो घुमत असल्यासारखा ऐकू येत होता, म्हणून मी त्यातला जाडपणा दिसेल तिथे कापत होते. स्पीकर बदलून मागायला दुकानात गेले, तर दुकानदार म्हणाला, "मॅडम, स्पीकर चांगला आहे. ही केस सुभेदारांची."

सुभेदार रहिमतपूरहून एसटीने आले. नऊची वेळ दिली होती, नऊला पाच कमी असताना दारात. उंच, वाळलेले, सत्तरीला टेकलेले, पांढरा शर्ट, खाकी झोळी. चप्पल काढून खोलीच्या उंबऱ्यात उभे राहिले आणि त्यांनी एक टाळी वाजवली.

"ताई, तुमच्यापरास ही खोलीच जास्त बोलतीया."

चहा विचारला तर म्हणाले, "माप झाल्यावर." पुढे कळलं की हा नियम होता. मापाच्या आधी कोणाच्या घरचं पाणीसुद्धा घ्यायचे नाहीत. चहा प्यायला की माणूस घरातला होतो, आणि घरातल्या माणसाला खोटं बोलावं लागतं, असं त्यांचं म्हणणं.

मग त्यांनी घराचा ताबा घेतला. पंखा बंद, फ्रीज बंद, पाण्याची मोटर बंद. माझ्या नवऱ्याला दूध आणायला पाठवलं. दूध घरात होतं. शेजारच्या कदमवहिनींचा कुकर नुकताच लागला होता, सुभेदार गॅलरीत जाऊन त्यांना हात जोडून म्हणाले, "वैनी, अर्धा तास डाळ भिजू द्या, चांगली शिजती." वहिनींनी कुकर उतरवला. मी त्यांना अकरा वर्षं ओळखते, माझ्यासाठी त्यांनी मिक्सरही थांबवलेला नाही.

झोळीतून गवंड्याची दोरी निघाली. दोन स्पीकर आणि माझी खुर्ची यांच्यातलं अंतर त्यांनी त्या दोरीने मोजलं, तिन्ही बाजू सारख्या होईपर्यंत स्पीकर सरकवले, ओळंबा सोडून स्टँड सरळ उभे आहेत का पाहिलं. मग माझा लॅपटॉप उघडला. त्यात कॅलिब्रेशनचं, म्हणजे खोलीच्या मापाप्रमाणे स्पीकर जुळवून घ्यायचं, सॉफ्टवेअर घातलं. ते स्पीकरमधून खालच्या सुरापासून वरच्या सुरापर्यंत जाणारी एक शीळ घालतं, माईक ती ऐकतो. मग सॉफ्टवेअर सांगतं, आता माईक इथे धरा, आता तिथे. अशी तीसेक ठिकाणं. सुभेदार माईक दोन्ही हातांनी धरून, श्वास रोखून, आरती ओवाळावी तसे खोलीभर फिरले. प्रत्येक शिळेला खालच्या गल्लीतलं कुत्रं उत्तर देत होतं. ते भुंकलं की सुभेदार ती जागा पुन्हा मोजायचे. त्यांनी एकदाही कुत्र्याला शिवी दिली नाही. "त्येचं काम त्यो करतोय," म्हणाले.

शेवटी पडद्यावर एक रेघ उमटली. चांगल्या खोलीची रेघ जवळपास आडवी असते. माझ्या खोलीची यवतेश्वरच्या घाटासारखी होती. डाव्या बाजूला, जिथे जाड सूर असतात, मोठा उंचवटा होता.

"हितं तुमचं पुस्तक अडकलंया," त्यांनी त्या उंचवट्यावर बोट ठेवलं.

मला तेव्हा समजलं. माझ्या आवाजाचा खालचा भाग खोली फुगवून सांगत होती. मी तो फुगवटा खरा धरून कापत होते. ऐकणाऱ्याच्या घरी माझी खोली नाही. तिथे नुसतं कापलेलं उरत होतं. सॉफ्टवेअर काय करतं, तर खोली जितकं फुगवते तितकं स्पीकरमधून आधीच कमी सोडतं. म्हणजे खुर्चीत बसलेल्या माणसाला आवाज आहे तसा ऐकू येतो.

कपाट कोपऱ्यात गेलं, गाद्या भिंतीला लागल्या, पुन्हा मोजलं, रेघ बरीच सपाट झाली. सॉफ्टवेअर चालू करून मी माझं जुनं वाचन लावलं आणि नाराज झाले. सगळं उकडलेल्या भाजीसारखं लागत होतं. तसं सांगितलंही.

"आठ दिस कशाला हात लावू नका," ते म्हणाले. "आळणी जेवाय लागलं की मग मीठ किती पायजे ते कळतं."

तेव्हा त्यांनी चहा घेतला. दोन कप. त्या महिन्यात पाठवलेलं पुस्तक परत आलं नाही.

सुभेदार सैन्यात सिग्नलमध्ये होते. आयुष्यभर तारा ओढल्या, जोड तपासले, वायरलेस सांभाळले. लढाईची गोष्ट कधी सांगितली नाही. विचारलं तर जोडांची सांगायचे. निवृत्तीनंतर आल्याची शेती केली, गावातल्या लग्नांचे लाऊडस्पीकर दुरुस्त केले, आणि साठी उलटल्यावर मोबाईलवर व्हिडिओ बघून हे सॉफ्टवेअर शिकले. व्हिडिओ इंग्रजीत. प्रत्येक शब्द ऐकू येईल तसा वहीत देवनागरीत लिहून त्यांनी सूनबाईकडून अर्थ काढले. तीच वही पुढे त्यांचं लॉगबुक झाली. घराचं नाव, तारीख, माईकचा नंबर, पडदे उघडे की बंद, घरात माणसं किती, बाहेर काय आवाज. "आदी माप, मग मत," हे पहिल्या पानावर लाल पेनने.

कोणीही विचारलं, "कसं वाटतंय सुभेदार?" की उत्तर ठरलेलं: "सरळ हाय." छान, झकास, भारी, हे शब्द त्यांच्याकडे नव्हते. कोणी त्यांच्या कानाची तारीफ केली की म्हणायचे, "मी ऐकत न्हाई, मोजतो." सगळ्यांना तो विनय वाटायचा. मलाही.

हेडफोनचंही ते करून द्यायचे. त्या सॉफ्टवेअरमध्ये हेडफोनांची यादी असते. आपलं मॉडेल निवडलं की त्याचे दोष ते भरून काढतं. पण हे करताना दर वेळी बजावायचे, "ही दुकानातली तयार कापडं. बसत्यात. पर तुमच्या अंगावर मापून शिवल्याली न्हाईत, हे ध्यानात ठिवा." आणि माझ्या लॅपटॉपच्या कडेला त्यांनी स्वतःच्या अक्षरात एक चिठ्ठी चिकटवली: बाहेर पाठवताना चष्मा काढा. कॅलिब्रेशन म्हणजे माझा चष्मा. फाईल तयार करताना ते चालू राहिलं तर माझ्या नंबरचा चष्मा ऐकणाऱ्याच्या डोळ्यावर जातो. मी एकदा विसरले. अख्खा धडा पुन्हा काढून पाठवावा लागला. त्यांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "चिठ्ठी जरा मोठी करा."

विट्याच्या माने शेठची गोष्ट मला आधी दुकानदाराने सांगितली, नंतर खुद्द शेठनी. माने शेठ तमिळनाडूत तीस वर्षं गलाईचं, म्हणजे सोनं गाळून शुद्ध करायचं, दुकान चालवून परत आले. गाण्याची हौस होती. बंगल्याच्या गच्चीवर स्टुडिओ बांधला आणि स्वतःची भजनं रेकॉर्ड करू लागले. सुभेदारांनी माप घेतलं, रेघ सरळ केली. शेठना ती आवडली नाही.

"सुभेदार, पखवाज छातीत बसंना. बेस वाढवा की जरा."

"वाढीवतो. आदी एक सांगा. तुमच्या काट्यावर सोनं ठिवलं आन् गिऱ्हाईक म्हणलं, जरा जड दाखवा की. दाखवाल?"

"काटा हाय त्यो. असं कसं दाखवीन?"

"मग ह्यो बी काटाच हाय."

शेठनी बेसचा नाद सोडला. नंतर मला म्हणाले, "गड्यानं माझ्याच दुकानात नेऊन मला बसवलं, ताई. काय बोलणार?" आजही त्यांच्या गच्चीवर कोणी बेसचं बटण शोधायला लागलं, की शेठ त्याला काट्याची गोष्ट सांगतात. स्वतःची म्हणून.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला घेतलं ती.

मागच्या वर्षी दिवाळीनंतर पुण्याहून पुन्हा शेरा आला. यावेळी वेगळा: स आणि च टोचतात. माझं वाचन तेच होतं, माईक तोच, खोली तीच. फक्त मधे कपाट बदललं म्हणून सुभेदारांनी उन्हाळ्यात नव्याने माप घेतलं होतं. मी दोन पुस्तकांतले स आणि च ऐकून पाहिले. माझ्या खुर्चीत बसून ते टोचत नव्हते. नवऱ्याच्या मोबाईलवर टोचत होते.

विम्याच्या ऑफिसात मी एकच गोष्ट नीट शिकले: तक्रार आली की आधी नंबर बघायचा. लॅपटॉपमध्ये मापाची नोंद उघडली. प्रत्येक मापाचा माईक कारखान्यातून किंचित वेगळा निघतो. हा माईक कुठे किती चुकतो, त्याची फाईल कंपनी त्याच्या नंबरासह देते. माप घेताना ती फाईल सॉफ्टवेअरला द्यावी लागते. माझ्या नोंदीत जी फाईल होती, तिच्या नंबराच्या शेवटी एक्केचाळीस होतं. सुभेदारांचा तो एक्केचाळीस नंबरचा माईक उन्हाळ्याच्या तोंडाला एसटीच्या रॅकवरून पडून वाकला होता, हे त्यांनीच मला सांगितलं होतं. नवा घेतला त्याच्या शेवटी चौदा.

नव्या माईकला जुन्याचा चष्मा. त्यामुळे सॉफ्टवेअरला वाटत होतं की स्पीकर वरचे सूर जास्त सोडतोय, म्हणून ते कमी करत होतं. मला ते कमी ऐकू येत होते, म्हणून मी हाताने वाढवत होते.

त्यांना सांगायला मला दोन दिवस लागले. सत्तरीचा माणूस, सुभेदार, सातारा-सांगलीत ज्याच्या शब्दावर लोक स्पीकर हलवतात, त्याला तुमचं माप चुकलं हे सांगायचं. त्या माणसाकडे दुसरं काही नव्हतं. त्याचं माप बरोबर असतं, एवढंच होतं. तिसऱ्या दिवशी फोन केला.

"सुभेदार, माईकवरचा नंबर वाचून दाखवता?"

त्यांनी वाचला. मग मी फाईलचा वाचला. पुण्याचा शेरा कधी आला तेही सांगितलं. पलीकडे कोंबडी ओरडत होती.

"दोन दिस का थांबलासा?" ते म्हणाले. मी दोन दिवस थांबले हे मी सांगितलं नव्हतं. पुण्याचा शेरा कोणत्या तारखेचा एवढंच सांगितलं होतं.

नव्या माईकने सहा घरं झाली होती. लॉगबुकात सगळी होती. मी म्हटलं, सगळ्यांना फोन करा, फाईल बदलायला दहा मिनिटं लागतात.

"चूक फोनवर सांगायची नसती," ते म्हणाले. "आन् फाईल बदलून भागायचं न्हाई. पुन्यांदा मोजायचं."

रहिमतपूर, कोरेगाव आणि माझं घर त्यांनी त्याच आठवड्यात केलं. राहिली तीन: विट्याची दोन आणि सांगलीचं एक. सांगलीचं तातडीचं होतं. तिथल्या सुप्रभा मगदूमला चार दिवसांत एका माहितीपटाचं संगीत द्यायचं होतं. मी म्हटलं, मी गाडी काढते. ते नको म्हणाले. मी म्हटलं, तीन वर्षं तुम्ही माझ्या घरी आलात, आता तुम्ही गप्प बसा आणि बेल्ट लावा. त्यांनी लावला.

विट्यावरून तासगावमार्गे सांगली. मगदूम म्हणजे हळदीचे व्यापारी. खाली गोदाम, वर मुलीचा स्टुडिओ. सुप्रभाने खोलीच्या चारही कोपऱ्यांत हळदीची पोती छतापर्यंत रचली होती, जाड सूर पोत्यांत जिरतात म्हणून. हळदीला भाव आला की वडील पोती विकायचे आणि खोली घुमायला लागायची. बाकी सगळं पिवळं होतं, कीबोर्डसुद्धा.

सुभेदार खुर्चीत बसले नाहीत. मुलीसमोर उभे राहिले.

"बाळ, माझं माप चुकलं. जुन्या माईकची फाईल लावली मी. वरचे सूर तुला कमी ऐकू येत व्हते. तुझं काही काम बिघडलं का?"

सुप्रभा वडिलांकडे बघायला लागली. वडील पोत्यांकडे.

"एक जाहिरात परत आली होती आजोबा," ती म्हणाली. "टोचतंय म्हणून."

"कवा?"

"जुलैमध्ये."

"तुला कळलं व्हतं? वर काईतरी कमी हाय असं?"

"थोडं वाटलं होतं."

"मग सांगायचं की."

मगदूम मध्ये पडले. "मीच गप बस म्हणालो, सुभेदारसाहेब. पोरगी म्हणत हुती, वर बंद बंद वाटतंय. मी म्हणालो, पोती गेली म्हणून वाटत असंल. सुभेदारांनी माप केलंय, आपण काय बोलायचं? थोर माणूस, मान ठेवायचा."

सुभेदारांचा आवाज मी तेवढा एकदाच चढलेला ऐकला. फार नाही.

"मान दिला म्हणून चूक चार म्हैने जगली. जुलैतच म्हणला असता, म्हाताऱ्या, तुझं चुकलंय, तर बाकीची घरं वाचली असती."

मगदूमांनी मान खाली घातली. खरं म्हणजे त्यांच्या शेजारी मीही घालायला हवी होती. दोन दिवस माझ्याही खात्यात होतेच.

मग ते खुर्चीत बसले आणि म्हणाले, "आता माझं बी ऐका. डाव्या कानानं मला वरचं काही ऐकू येत न्हाई. उजव्यानं थोडं. जनरेटरच्या शेजारी वीस वर्सं काढली. म्हणून तर मी मोजायला शिकलो. कान गेला, पर माईक हाय, असं म्हणलं. त्यो बी चुकला तर मला कळायचा मार्ग न्हाई."

आम्ही सगळे इतके दिवस ज्याला विनय समजत होतो ते नुसतं खरं सांगणं होतं. मी ऐकत नाही, मोजतो. त्यांनी ते प्रत्येक घरात सांगितलं होतं, आणि एकाही घराने ते ऐकलं नव्हतं.

त्यांनी माप घेतलं. यावेळी माईकचा नंबर सुप्रभाने वाचला, फाईलचा मी. रेघ सरळ झाली. तिने तिचं काम लावलं, पाच मिनिटांत वरचे सूर खाली आणले आणि म्हणाली, "आता कळलं काय करून ठेवलं होतं मी." चहा आला. सुभेदारांनी घेतला नाही. मगदूमबाईंनी हळदीचं दूध केलं, तेही नाही.

परतताना तासगाव सोडलं आणि त्यांनी तो फुलांचा डबा गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवला.

"हे तुमच्याकडं ठिवा. विट्याची दोन घरं तुमीच करा. मला हे काम शोभत न्हाई."

मला समजूत घालता येत नाही. मी म्हटलं, "का? मोजायला कान लागतो?"

"न्हाई."

"मग तुम्ही मोजा. ऐकायला दुसरं कोणी बसवा. सिग्नलमध्ये एकटाच माणूस बोलायचा आणि ऐकायचा का?"

विट्याची कमान दिसली. तिथे त्यांनी डबा उचलून मांडीवर घेतला.

माने शेठच्या गच्चीवर माप झालं, चुकीची कबुली झाली, शेठ म्हणाले, "आवं, मला तर काय फरकच कळला न्हवता." सुभेदार म्हणाले, "म्हणूनच तुमाला इचारत न्हाई." आणि दारात ट्रे घेऊन उभ्या असलेल्या मानेवहिनींकडे वळले.

"वैनी, तुमी बसा खुर्चीत."

"मी? मला काय कळतंय त्यातलं?"

"काय ऐकू येतं तेवढं सांगा. तोंड बगू नका कुणाचं."

वहिनींनी ट्रे माझ्या हातात दिला, पदर खोचून खुर्चीत बसल्या. शेठचं भजन लागलं. अर्ध्या मिनिटाने त्या म्हणाल्या, "पखवाज चांगला वाजतोय. ह्यांचा आवाज नाकातनं येतोय."

शेठ म्हणाले, "अगं."

"तीस वर्सं नाकातनंच येतोय. कुणी इचारलंच न्हाई."

सुभेदारांनी लॉगबुक काढलं, पट्टीने एक नवा रकाना आखला आणि वर लिहिलं: ऐकणार. त्याखाली वहिनींचं नाव आणि त्यांचे शब्द, जसेच्या तसे. मग ट्रेवरचा चहा उचलला. थंड झाला होता.

त्यानंतर हाच नियम झाला. प्रत्येक घरी माप झाल्यावर घरातल्या कोणालातरी खुर्चीत बसवायचं, शक्यतो ज्याला कधी विचारत नाहीत त्याला. तो जे म्हणेल ते लिहायचं. वाद घालायचा नाही, हसायचं नाही, सुधारायचं नाही. माझ्या घरी त्यांनी कदमवहिनींना बसवलं. "बरी वाचते," त्या म्हणाल्या, "पण शेवटाकडे दमते." ते लॉगबुकात आहे. मी तेव्हापासून एका बैठकीत चाळीस मिनिटांपेक्षा जास्त वाचत नाही.

शेवटचे भेटले ते यंदाच्या मे महिन्यात. माप करून झालं होतं, मी त्यांना स्कूटरवरून स्टँडवर सोडलं. रहिमतपूरची गाडी लागलेलीच होती. ड्रायव्हरच्या मागच्या खिडकीत बसले. स्टँडवरचा भोंगा गाड्यांची नावं पुकारत होता, एक अक्षर समजत नव्हतं. सुभेदारांनी मोबाईलवर रेघ दाखवणारं ॲप उघडलं, खिडकीतून हात बाहेर काढून फोन भोंग्याकडे धरला, आणि पडदा कंडक्टरला दाखवायला लागले.

"बग, ह्यो डोंगर बग. हितला आवाज कापला तर बाईचं बोलणं कळंल."

"आण्णा, तिकीट घ्या आधी."

"घेतो रं. तू ऐक की जरा. तुला काय ऐकू येतं?"

कंडक्टरने खरंच कान देऊन ऐकलं. "काय बी कळत न्हाई," म्हणाला.

"बरोबर," सुभेदार म्हणाले, आणि लॉगबुक काढलं. गाडी हलली तेव्हा ते लिहीत होते. मला हात करायचा राहून गेला त्यांच्याकडून.

सप्टेंबरात त्यांची सून डबा आणि लॉगबुक घेऊन आली. डब्यावर माझं नाव होतं, आत कापसावर एक चिठ्ठी: शेवटचे दोन आकडे चौदा, दोनदा वाचणे. सून म्हणाली, आजारपणात डॉक्टरने कसं वाटतंय विचारलं तर म्हणायचे, आदी माप घ्या.

इथपर्यंत काल लिहिलं. आज सोमवार. सकाळी सात वाजता फ्रीज बंद केला, मोटर बंद केली, नवऱ्याला दूध आणायला पाठवलं. कदमवहिनींना गॅलरीतून डाळ भिजत ठेवायला सांगितलं. त्या म्हणाल्या, कालच भिजवली. माईकवरचा नंबर वाचला, फाईलचा वाचला, पुन्हा दोन्ही वाचले. दोरीने तिन्ही बाजू मोजल्या. तीसेक ठिकाणी श्वास रोखून उभी राहिले. कुत्रं दोनदा भुंकलं, त्या दोन जागा परत घेतल्या. रेघ सरळ आली.

मग वहिनींना खुर्चीत बसवलं आणि कालच संध्याकाळी वाचून ठेवलेलं पहिलं प्रकरण लावलं. मला ते चांगलं वाटलं होतं. वहिनींनी ते शेवटपर्यंत ऐकलं.

"तुला सर्दी झालीय," त्या म्हणाल्या. "सगळं परत वाच."

मी लॉगबुक उघडलं, ऐकणारच्या रकान्यात वहिनींचं नाव आणि ते शब्द लिहिले, प्रकरण पुसून टाकलं आणि चहा ठेवला.